एकोणीसनंतर

ट्रोन्दुरनं तीस वर्षं बोगदे खणले,
समुद्राच्या पोटातून बेटाला बेट जोडलं,
म्हणून तो परत आला तेव्हा
ह्वाल्बा गावात ज्यानं त्यानं एकच विचारलं:
बोगदा दिसला का रे?

नाही, म्हणाला. बोगदा असता तर मी ओळखला असता.
त्याला ओल असते, डिझेलचा वास असतो,
आणि टोकाला उजेड दिसलाच तर तो
पलीकडच्या पाळीतल्या कुणाच्या तरी हेल्मेटचा असतो.

मग काय दिसलं?
आईच्या चुलीवरच्या दोरीला वाळत घातलेला
लोकरीचा हातमोजा. एकच.
वाफ निघत होती त्यातून,
आणि कसलीच घाई नव्हती.

अकरा मिनिटं काळीज बंद, आणि एक हातमोजा.
लोक जरा हिरमुसले.

दवाखान्यातल्या डेन्मार्कच्या डॉक्टरबाईंनी
औषधाच्या चिठ्ठीमागे डोळा काढून दाखवला:
रक्त आटलं की पडद्याच्या कडा आधी विझतात,
मधला ठिपका शेवटी. तोच लोकांचा बोगदा.
आणि मेंदू बुडताना हाताला लागेल ते धरतो,
माळ्यावरचं जुनं सामान खाली ओढतो.
हातमोजाच का? मी विचारलं.
त्यांनी पेनाला टोपण लावलं.
ते मला नाही माहीत, म्हणाल्या.
तेव्हापासून त्या मला आवडतात.

पाद्री आले. वाऱ्यावर मुरवलेलं मटण दोनदा मागून घेतलं.
म्हणाले, देव ज्याला त्याला त्याच्याच बोलीत हाक मारतो.
जोडीतला दुसरा तिकडे आहे, सुनवा,
एक दिवस न्यायला जावंच लागेल.
तेही मला खोटं वाटलं नाही.

मला मात्र कुणी काही विचारलं नाही.
मी तर तिथंच होते,
मटण टांगायच्या खोपटात, फळ्याफळ्यांतून वारा,
माझे तळवे त्याच्या छातीवर.
बरगडी मोडली तो आवाज अजून मनगटात आहे.
मरण मीही पाहिलं, बाहेरच्या बाजूनं:
ओठांभोवती निळं,
आणि एक बूट निघालेला.

मोठ्यानं मोजत होते. तीसपर्यंत, मग दोन श्वास,
मग पुन्हा एकपासून.
ॲम्ब्युलन्स आली ती त्यानंच खणलेल्या बोगद्यातून.

महिन्याभरानं बटाटे सोलताना तो म्हणाला,
तू एकदा चुकलीस मोजताना.
एकोणीसनंतर एकदम एकवीस.

कान सगळ्यात शेवटी जातो, डॉक्टरबाई म्हणाल्या.
वरून पाहत होता तो, आढ्यापाशी, पाद्री म्हणाले.
दोघांचंही समाधान झालं.
मी सालं गोळा केली.

कारण वीस मी विसरले नव्हते.
विसाच्या जागी माझे हात वर होते.
खांदे पेटले होते, खाडीवर धुकं, रस्त्यावर कुणी नाही,
आणि मनात आलं, जाऊ दे.
जाऊ दे याला.
एका आकड्याएवढंच.
मग एकवीस.

कान असेल, तर त्याला नुसती एक फट ऐकू आली.
आढ्यापाशी असेल, तर त्यानं माझे हात पाहिले.
मेल्यावर काय असतं याच्याशी
मला खरं तर काही देणंघेणं नाही.
मला फक्त कळायला हवंय
की तो कुठे होता.

विचारत नाही मी. तोही पुढं काही बोलत नाही.
परवा त्यानं स्टोव्हवर दोरी बांधली,
त्याचे हातमोजे टांगले, शेजारी माझे.

रात्री त्याच्या छातीवर हात ठेवून
मी त्याचे श्वास मोजते,
आणि एकोणीसनंतर
तो जागा असो की झोपलेला,
वीस म्हणते.
मोठ्यानं.